ऊन मिळालं तरच क्रोटन रंग धरतो

(दृश्य: बेळगावच्या टिळकवाडीतली एक गल्ली. कंपाउंडच्या आत क्रोटनची रांग. वळीव नुकताच पडून गेलाय.)

मेमध्ये एक चांगला वळीव झाला की क्रोटनचा खरा रंग कळतो. उन्हाळाभर बसलेला धुरळा उतरतो आणि पिवळा, शेंदरी, लाल, मधूनच काळपट जांभळा असा सगळा थाट एकदम समोर येतो. यातलं एकही फूल नाही बरं का! फुलं येतात, बारीक पांढुरक्या माळा लोंबतात, पण त्यांच्याकडं कोण बघतंय? इथं मिरवतं ते पान, आणि तेही बारा महिने.

बेळगावच्या जुन्या घरांना मेंदीचं कुंपण असायचं, नाहीतर कोयनेलचं. शेताला शेर, निर्गुडी, घायपात. ही सगळी कामाची कुंपणं, गुरं आत शिरू नयेत म्हणून लावलेली. क्रोटनकडून ती अपेक्षा ठेवू नये. त्याला काटा नाही, आणि मेंदीसारखा तो गच्चही होत नाही. घराला शोभेचा आडोसा हवा असेल, तेवढ्यासाठीच तो.

हा मूळचा इंडोनेशिया, मलेशिया, पॅसिफिकची पश्चिमेकडची बेटं आणि ऑस्ट्रेलियाचा उत्तर भाग इथला. म्हणजे दमट, उबदार हवेतला. कूळ एरंडाचं, त्यामुळं जमालगोटाही त्याच्या भावकीतच येतो. फांदी मोडली की चीक निघतो. तो अंगाला लागला तर खाज सुटते आणि कपड्यावर पडलेला डाग जाता जात नाही. घरात रांगतं मूल किंवा पानं चावणारं कुत्रं असेल, तर रांग जरा लांबच धरा.

(दृश्य: एकाच घराच्या दोन बाजू. दक्षिणेकडची रांग लालभडक, उत्तरेकडची जवळजवळ हिरवी.)

आता ही दोन झाडं बघा. दोन्ही एकाच झाडाच्या फांद्यांपासून केलेली. माती तीच, पाणी तेच. मग एक लाल आणि दुसरं हिरवं कसं?

बहुतेकजण अशा वेळी खताचं दुकान गाठतात. तिथं गल्लत होते. पानातला लाल रंग उन्हावर तयार होतो. सावलीत झाड पोटापाण्याच्या मागं लागतं, हिरवं द्रव्य वाढवतं, आणि बाकीचे रंग त्याखाली दबून जातात. त्यात युरिया टाकला की पानं आणखी मोठी, आणखी हिरवी होतात. रंग राहतो बाजूलाच.

बेळगावात याला सूर्याचंही एक गणित आहे. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला इतका कलतो की ७ मीटर उंच घराची सावली भर दुपारी बारालासुद्धा उत्तरेकडं साडेपाच मीटर पसरते. उत्तरेला घर आणि कंपाउंड यांच्यामधल्या बोळात लावलेला क्रोटन हिवाळाभर ऊन बघतच नाही. म्हणून नर्सरीत जाण्याआधी थंडीतल्या एखाद्या दिवशी आपल्या जागेवर ऊन किती वेळ टिकतं ते बघून ठेवा. चार-पाच तास मिळत असेल तर बेधडक लावा. नाही मिळत? मग दुसरं काहीतरी निवडा, क्रोटनचा हट्ट नको.

आणखी एक. पुष्कळ जातींत कोवळं पान हिरवं-पिवळं येतं आणि जून होताना तांबडं होत जातं. नवीन रोप आणल्यावर पंधरा दिवसांत "फसवलं की हो!" म्हणत नर्सरीवाल्याकडं जाऊ नका. थोडा दम धरा.

(दृश्य: खानापूरकडची तांबडी माती. मग गोकाक-अथणीकडची काळी, भेगाळलेली जमीन.)

हा जिल्हा मातीनं दोन तोंडांचा. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडं जांभ्याची तांबडी माती आणि धो धो पाऊस. तिथं क्रोटनला पाण्याची ददात नाही, मुळं कुजण्याची भीती मात्र आहे. रांग वरंब्यावर घ्या आणि पाण्याला वाट काढून द्या. पूर्वेला गोकाक, रायबाग, अथणीकडं काळी जमीन, पाऊस बेताचा आणि बोअरचं जड पाणी. अशा जमिनीत लोह असूनही झाडाला घेता येत नाही. शिरा हिरव्या राहतात आणि मधला भाग पिवळा पडतो. गंमत म्हणजे क्रोटन मुळातच पिवळा, तेव्हा हे दुखणं महिनोन् महिने लक्षातच येत नाही. कोवळी पानं दरवेळी आधीपेक्षा फिकी आणि लहान येऊ लागली की शंका घ्यावी. बुडात भरपूर शेणखत घालावं, जमल्यास पावसाचं साठवलेलं पाणी द्यावं. हिराकस म्हणजे लोहाचा क्षारही देतात, पण हात आखडूनच.

लावणी मिरगाचा पाऊस स्थिरावला की करावी. दीड फूट खोल चर, त्यात माती आणि कुजलेलं शेणखत, आणि दोन रोपांत दीड ते दोन फुटांचं अंतर. रोपं लहान असताना हे अंतर फार वाटतं आणि मोह होतो मध्ये एक घुसवायचा. घुसवू नका.

(दृश्य: माळ्याच्या हातात मोठी कात्री. नंतर छोटी.)

कुंपण म्हटलं की माळी मोठी कात्री काढतो आणि रांग वरून सपाट करून टाकतो. बारीक पानाच्या ड्युरांटाला किंवा मेंदीला ते चालतं. क्रोटनचं पान मोठं आणि जाड. ते मधोमध कापलं गेलं की कड तपकिरी पडते आणि तो डाग पान गळेपर्यंत तसाच राहतो. इतके पैसे घालून रंगीत पान लावायचं आणि मग ते निम्मं कापायचं, हा कसला कारभार! छोटी कात्री घ्या, हातमोजे घाला आणि एकेक फांदी पानाच्या वर कापा. वेळ लागतो, लागू दे. कापाच्या खालून दोन-तीन फुटवे येतात, तिथूनच रांग भरते.

रांगेचा तळ रुंद आणि माथा अरुंद ठेवायचा. उलटं झालं तर वरच्या पानांची सावली खाली पडते आणि बुडाशी नुसत्या काठ्या उरतात. मोठी छाटणी मेअखेर करावी. डिसेंबरच्या थंडीत नको, तेव्हा फुटवा हलत नाही. थंडीत थोडी पानं गळाली म्हणून लगेच उपटूही नका. सालीला नखानं ओरखडा काढा. आत हिरवं दिसलं तर झाड जिवंत आहे.

मार्च ते मे कोरड्या हवेत लाल कोळी ही बारीक कीड येते. पानामागं बारीक जाळी, वर फिके ठिपके. पाइपनं पानांच्या खालच्या बाजूला पाण्याचा जोरदार फवारा मारला तरी निम्मं काम होतं. पिठ्या ढेकूण, म्हणजे पांढरी पिठासारखी कीड, दिसला तर साबणाचं पाणी किंवा कडुनिंबाचं तेल. फांदीवर मुंग्यांची रांग दिसली की त्यांच्या मागोमाग जा, पिठ्या तिथंच सापडतो.

(दृश्य: पेन्सिलीएवढ्या फांदीवर बांधलेली गुटी.)

रांगेतली एखादी फांदी वेगळ्याच रंगाची निघते. तो रंग बियांतून येईल याची खात्री नाही, गुटी कलमातून मात्र येतो. पावसाळ्यात बोटाच्या पेराएवढी साल गोल काढायची, चीक पुसायचा, ओलं शेवाळ लावून वरून प्लास्टिक घट्ट बांधायचं. महिना-दीड महिन्यात प्लास्टिकमधून पांढरी मुळं दिसू लागतात. मग गुटीच्या खालून कापायचं, शेवाळ तसंच ठेवून कुंडीत लावायचं आणि आठ-दहा दिवस सावलीत ठेवायचं. जमिनीत हलवायची घाई नको. पहिली थंडी तिला कुंडीतच काढू द्या.