जीपमधून उतरलेला मेजर

दुसऱ्या महायुद्धातल्या इटलीच्या आघाडीचा विषय निघाला की आपल्याला यशवंत घाडगे आठवतात. माणगावला त्यांचं स्मारक आहे. जुलै १९४४ मध्ये टायबरच्या खोऱ्यात ते धारातीर्थी पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आज मात्र मला बोलायचंय ते लढाई पुढे सरकल्यावर मागे उरणाऱ्या गावांबद्दल.

गाव कसं, तर नळाला पाणी नाही, पाववाल्याकडे पीठ नाही, ढिगाऱ्याखाली प्रेतं आणि नगरप्रमुख फरार. तिथे जीपमधून एक मेजर उतरतो. हा लढवय्या नव्हे. गणवेश चढवलेला वकील म्हणा, इंजिनियर म्हणा. अशांसाठी अमेरिकेने १९४२ मध्ये शार्लट्सव्हिलला खास शाळाच काढली होती. या खात्याचं नाव ॲमगॉट (AMGOT), म्हणजे जिंकलेल्या प्रदेशातलं दोस्त राष्ट्रांचं लष्करी प्रशासन. आघाडीवरचे सैनिक त्या अक्षरांचा अर्थ लावायचे, ‘म्हाताऱ्या लष्करी साहेबांची सहल’!

मेजरने करायचं काय? पाणी, पाव, दफन, प्रवासाचे परवाने. आणि हो, गावाला नवा नगराध्यक्ष. मुसोलिनीने १९२६ मध्ये निवडून येणारे नगराध्यक्ष काढून वरून नेमलेले ‘पोदेस्ता’ बसवले होते. पस्तिशीच्या आतल्या माणसाने गावच्या निवडणुकीत कधी मत दिलेलंच नव्हतं. मग फासिस्ट नसलेला आणि लोक ज्याचं ऐकतात असा माणूस शोधायचा कसा? मेजरला सिसिलीची बोली कळत नाही. तो विचारणार पाद्र्याला, जमीनदाराला, नाहीतर आपल्या दुभाष्याला.

सिसिलीतल्या विलाल्बा गावात नगराध्यक्षाच्या खुर्चीवर बसला कालोजेरो विझ्झिनी, माफियाचा बडा म्होरक्या. फासिस्टांनी माफियावाल्यांना तुरुंगात डांबलं होतं ना, म्हणजे कागदोपत्री ही मंडळी फासिस्टविरोधीच! अमेरिकेने माफियाशी आधीच संधान बांधलं होतं, अशा कथा रंगवून सांगतात. मला त्यांची गरजच वाटत नाही. अंधार पडायच्या आत पुढचं गाव गाठायचं असलेल्या अधिकाऱ्याच्या हातून हे कारस्थानाविनाही होतं. नेपल्सजवळच्या नोलात तर दुभाष्याचं काम करत होता व्हितो जेनोव्हेझे, खुनाच्या आरोपामुळे न्यूयॉर्कहून पळालेला. ऑगस्ट १९४४ मध्ये काळ्या बाजाराच्या प्रकरणात त्याला पकडलं, तेही लष्कराच्याच तपासनिसाने.

या मेजर मंडळींनी नुसता गोंधळच घातला असं मात्र नाही. १९४३-४४ च्या हिवाळ्यात नेपल्समध्ये उवांमुळे फैलावणारा टायफस ताप पसरला, तेव्हा रांगेतल्या माणसांच्या सदऱ्यात, बाह्यांत पंपाने डीडीटीची भुकटी मारून त्यांनी साथ आटोक्यात आणली. उवा मारायला बोली यावी लागत नाही.

फ्लॉरेन्सला उलटं झालं. तिथल्या फासिस्टविरोधी भूमिगत मुक्तिसमितीत वेगवेगळ्या पक्षांची माणसं एकत्र बसत होती. शहराची कुठली जबाबदारी कुणाकडे, हे त्यांनी आधीच ठरवून टाकलं होतं. ऑगस्ट १९४४ मध्ये दोस्त राष्ट्रांचे अधिकारी आले, तर नगराध्यक्ष हजर! गाएतानो पिएराच्चिनी, समाजवादी डॉक्टर, ऐंशीच्या घरातले. साहेबांना हे काही फार रुचलं नसावं. त्यांना नेमणुका आपल्या हातात हव्या होत्या. पण चालू गाडा मोडून नवा उभा करणार कोण? त्यांनी पिएराच्चिनींना मान्यता दिली.

१९४६ च्या वसंतात ठिकठिकाणी नगरपालिकांच्या निवडणुका झाल्या. बायकांनी पहिल्यांदा मत दिलं. तोवर बहुतेक मेजर घरी परतले होते.