आणीबाणीचा आदेश कुणाचा?

श्रोतेहो, नमस्कार.

पावसाळ्यात गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की नाशिककर एकमेकांना विचारतात, पाणी मारुतीच्या कुठपर्यंत आलंय? गोदाघाटावरचा दुतोंड्या मारुती ही आपली पिढ्यान्‌पिढ्यांची पूरपट्टी. कमरेला पाणी लागलं की सराफ बाजार, भांडी बाजारातले दुकानदार माल वर हलवायला घेतात. त्यांना कुणी सांगावं लागत नाही. पण रस्ता बंद करायचा, धोकादायक वाडा रिकामा करायचा, तर आदेश लागतो. तो कुणी द्यायचा, हे प्रत्येक नाशिककराला ठाऊक असलं पाहिजे.

२००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यात आपत्तीची व्याख्या आहे. संकट निसर्गाने आणलेलं असो, माणसाने ओढवलेलं असो की हलगर्जीपणाचं असो, मोठी हानी झाली आणि ती सोसणं तिथल्या लोकांच्या आवाक्याबाहेर गेलं, की ती आपत्ती. अमुक मिलिमीटर पाऊस असा आकडा त्या व्याख्येत नाही, आणि हे मला फार मोलाचं वाटतं. एकाच पावसात पक्क्या इमारतीतलं कुटुंब निभावून नेतं. गोदाकाठच्या काझीगढीच्या, त्या मातीच्या टेकाडाच्या, कडेला राहणाऱ्याच्या पायाखालची माती सरकते. त्याचा आवाका आधी संपतो, म्हणून त्याच्याकडे आधी धावायचं.

आता अधिकारांचं. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. वाहतूक अडवणं, बाधित भागात प्रवेश रोखणं त्या प्राधिकरणाच्या हाती. धरणाचे दरवाजे जलसंपदा विभागाचे. आणि महापालिका आयुक्तांना महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६७ ने मोठी मुभा दिली आहे : अचानक अपघात, अनपेक्षित घटना किंवा नैसर्गिक संकट आलं, जीविताला धोका दिसला, तर आधी कृती करा. मात्र लगेच स्थायी समितीला आणि महापालिकेला, म्हणजे नगरसेवकांच्या महासभेला, कळवा. काय केलं, का केलं आणि अंदाजपत्रकात नसलेला खर्च किती झाला, तेही सांगा.

या कळवण्यावर माझा सारा भर आहे. मार्च २०२२ मध्ये नाशिकच्या नगरसेवकांची मुदत संपली. पुढे काही वर्षं प्रशासक म्हणून सारा कारभार आयुक्तांकडेच होता, म्हणजे कळवणारा आणि ऐकून घेणारा एकच. अशा वेळी कारण योग्य होतं का, हे विचारायला सभागृहात कुणी उरत नाही.

आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या २०२५ च्या दुरुस्तीने महापालिका असलेल्या शहरांसाठी स्वतंत्र नागरी आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची तरतूद केली. त्याचे अध्यक्ष आयुक्तच. एका शहराला एक जबाबदार माणूस मिळतो, हे चांगलंच. पण अधिकार वाढतात, तसा हिशेबही वाढायला हवा.

सिंहस्थ समोर आहे. बारा वर्षांनी येणारा हा मेळा कुणालाच अनपेक्षित नसतो. त्याची कामं तातडीच्या नावाखाली नेहमीची निविदा टाळून पुढे आली, तर कारण लेखी मागायला हवं. पुराच्या रात्री मात्र आयुक्तांनी कुणासाठी थांबू नये. पाणी ओसरल्यावर आदेशाची वेळ, कारण आणि खर्च महासभेच्या विषयपत्रिकेवर यावा आणि त्याची मराठी प्रत प्रत्येक विभागीय कार्यालयाच्या फलकावर लागावी, ही माझी मागणी आहे. आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाकडे तीच मागणी तुम्हीही करा.

नमस्कार.