मूसचा हा-चेव-का

(पहाट. जहाजाचा कठडा, त्यावर वाळत घातलेला टॉवेल. मागे नुसतं पाणी.)

पोर्ट ब्लेअरच्या हॅडो धक्क्यावरून काल निघालेलं जहाज रात्रभर दक्षिणेला चाललंय. अंतर तसं फार नाही, पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास. पण मध्ये टेन डिग्री चॅनल लागतो, अंदमान आणि निकोबार यांच्यामधला समुद्राचा पट्टा, आणि तो लागला की कुणी सांगावं लागत नाही, पोटालाच कळतं. डेकवर तांदळाची पोती, कोंबड्यांची खुराडी, दोरीने करकचून बांधलेला एक फ्रिज. एका पोराच्या पाठीवर गिटार. सुट्टीला घरी निघालेली ही मंडळी.

कार निकोबार लांबून दिसतच नाही. डोंगर नाही, टेकडी म्हणावी असंही काही नाही. जेमतेम १२७ चौरस किलोमीटरचा सपाट तुकडा. आधी पाण्यावर माड उगवल्यासारखे दिसतात, मग त्यांच्याखाली जमीन येते.

इथे उठून कुणालाही येता येत नाही. १९५६ च्या आदिवासी संरक्षण नियमांखाली पास लागतो, तुम्ही भारतीय असलात तरी. आमचा पास मिळायला किती दिवस गेले ते राहू द्या. मिळाला, एवढं खरं.

(रविवार. मूस गावातलं चर्च. बाहेर चपलांचा ढीग. आतून गाणं.)

ऐका थोडा वेळ.

(गाणं पूर्ण आवाजात. निवेदन नाही.)

चार पट्ट्यांत गातायत. बायका वर, पुरुष खाली, आणि मधल्या दोन पट्ट्या कोण सांभाळतंय ते शोधायला कॅमेऱ्याला तीन बाक फिरावे लागले. चाल इंग्रजी चर्चची आहे. शब्द मात्र इंग्रजी नाहीत, हिंदीही नाहीत. कार निकोबारी आहेत, रोमन लिपीत छापलेले.

आम्ही वसईचे ख्रिस्ती. आमच्या पणज्यांनी जन्मभर मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, लॅटिनमध्ये ऐकली. समोर फादर काय म्हणतात ते कळायचं नाही, म्हणून त्या आपली माळ ओढत बसायच्या. मराठी मिस्सा आली ती १९६० नंतरच्या दशकात. आणि या बेटावर, जिथे यायला आजही जहाजाची वाट बघावी लागते, तिथे अख्खा नवा करार लोकांच्या बोलीत १९५० सालीच छापून आला होता. तो कुणा गोऱ्या पाद्र्याच्या नावावर नाही. ज्याच्या नावावर आहे तो याच गावचा.

त्याचं नाव हा-चेव-का.

(किनारा. पांढरी वाळू, प्रवाळाचे तुकडे. एक मुलगा होडी ओढतोय.)

त्याच्या आधी पुष्कळ जण येऊन गेले. १७६८ साली मोरेव्हियन पंथाचे मिशनरी दक्षिणेच्या ननकवरी बेटावर उतरले. बरोबर सुतारकाम, बागकाम, शिंपले गोळा करायचा नाद आणि अपार श्रद्धा. तापाने एकेक करून गेले. वीस वर्षं होत आली तेव्हा उरलेल्यांनी गाशा गुंडाळला. मागे राहिल्या त्या कबरी. ननकवरीपर्यंत आमचा कॅमेरा गेला नाही, त्यामुळे त्यांची गोष्ट इथेच सोडतो.

मूसला जो टिकला तो तामिळ होता. वेदप्पन सॉलोमन. मद्रासकडचा धर्मशिक्षक. १८९५-९६ च्या सुमारास बायकोला घेऊन इथे राहायला आला. कागदोपत्री तो सरकारी एजंट. नारळासाठी येणाऱ्या व्यापारी गलबतांची नोंद ठेवायची, परवाने बघायचे, आणि त्यातून वेळ काढून शाळा. रोज रात्री डायरी लिहायची त्याला सवय होती. तिच्यातले उतारे १९०१ च्या जनगणनेच्या अहवालात छापले गेले. कोण आजारी पडलं, कोणत्या गावात डुकरांची मेजवानी झाली, चेटूक केल्याच्या संशयावरून कुणाला गावकीने मारलं, सगळं त्यात आहे. सॉलोमन भला माणूस होता. पण डायरी लिहिणारा पाहुणाच असतो, घरातला माणूस कशाला लिहील?

१९०९ साली सॉलोमन वारले. तोवर त्यांच्या शाळेतला एक हुशार मुलगा, आपला हा-चेव-का, पुढच्या शिक्षणासाठी समुद्रापार गेला होता. बर्मात, मंडालेला. मंडाले म्हटलं की आपल्याला तुरुंग आठवतो आणि लोकमान्य आठवतात. जवळपास त्याच वर्षांत त्याच शहरात निकोबारचा हा पोरगा मिशनच्या शाळेत इंग्रजी व्याकरण घोकत होता. त्याचं नाव आता जॉन रिचर्डसन.

शिकून तो तिकडेच राहिला असता तर कुणी नावं ठेवली नसती. मंडाले मोठं शहर, रंगूनची बोट जवळ. तो परत आला. मूसला शाळामास्तर झाला, मग धर्मशिक्षक, मग पाद्री.

(अंगण. दोन बायका. मोठं पिवळं-केशरी फळ, कोयता.)

आता हे फळ बघा.

येशूने शिकवलेली प्रार्थना मराठीत आली तेव्हा तिच्यातल्या पावाची आपल्या लोकांनी भाकर केली. 'आमची रोजची भाकर आज आम्हांला दे.' एका शब्दाने ती प्रार्थना आपल्या चुलीपाशी येऊन बसली. कार निकोबारला ना गहू, ना ज्वारी. इथली भाकर म्हणाल तर ही. केवड्याच्या जातीचं झाड, फळ माणसाच्या डोक्याहून मोठं. दोन हातांनी उचलावं लागतं.

कोयत्याने त्याच्या पाकळ्या सुट्या करायच्या. एकेक पाकळी लाकडाच्या पाचरीसारखी, टणक. त्या मोठ्या भांड्यात रचायच्या, खाली थोडं पाणी, वर पानांचं जाड झाकण. मग वाफ. तास, दोन तास, चूल सांगेल तितकं. पूर्वी हे भांडं मातीचं असायचं आणि ते फक्त चौरा बेटावरून यायचं. बाकीच्या बेटांवर कुणी मडकी घडवायचीच नाहीत, चौऱ्याचा तो मान. आता ॲल्युमिनियमचा टोप आहे, पोर्ट ब्लेअरच्या बाजारातला.

(हात, अगदी जवळून. शिंपल्याची धार. पिवळा गर.)

मऊ झालेली पाकळी डाव्या हातात, शिंपला उजव्या. आतून बाहेर खरवडायचं. गर निघतो, पण त्यात धागे असतात, अगदी बारीक, दातात अडकणारे. म्हणून मग तो मळायचा, थापायचा, आणि गोळ्यातून दोरा फिरवायचा. प्रत्येक फेरीत दोऱ्याला धागे चिकटून येतात. कितीदा? मावशींनी मोजलं नाही, आम्हीही वीसनंतर सोडून दिलं. शेवटी हाताला लोण्यासारखा गुळगुळीत, पिवळाधम्मक गोळा. चव गोडसर, आंब्याच्या साठाच्या वळणाची. पानात बांधून ठेवला की दिवस-दिवस टिकतो.

(डुकरं. एक बाई नारळ फोडून टाकतेय. हाक मारते, डुकरं धावत येतात.)

दुसरी गोष्ट डुकरांची. इथे डुक्कर म्हणजे संपत्ती. नारळाच्या खोबऱ्यावर पोसलेलं, नावाने हाक मारली की येणारं. ते एकट्या माणसाचं नसतं, तुहेतचं असतं. तुहेत म्हणजे मोठं एकत्र कुटुंब, माड, जमीन, होडी सगळं त्याच्याच नावावर. लग्न, मयत, मेजवानी, काहीही असो, हिशेब डुकरांत.

आणि मार्काच्या शुभवर्तमानात पाचव्या अध्यायात काय येतं? भुतं डुकरांत शिरतात आणि दोन हजारांचा कळप कड्यावरून समुद्रात पडून बुडून मरतो. आपण हे भुतांची गोष्ट म्हणून वाचतो. मूसच्या बाकावर बसून ऐकणाऱ्याच्या मनात पहिला हिशेब कशाचा झाला असेल, हे काही सांगायला नको.

या बेटावर मेंढ्या नाहीत. द्राक्षमळे नाहीत, बर्फ नाही, डोंगरावरचं शहर नाही. रिचर्डसन यांनी वर्षानुवर्षं बसून एकेक ओळ अशा भाषेत नेली, जिच्यात समुद्राला आणि नारळाला शब्द भरपूर, पण या पाहुण्यांना एकही नाही. बाहेरून आलेला माणूस अशा वेळी शब्दकोश काढतो. तो काढलाही गेला, जॉर्ज व्हाइटहेड नावाच्या इंग्रज पाद्र्याने. चांगला आहे. पण आजी कुठल्या शब्दाला हसेल हे शब्दकोशात नसतं. पूर्ण बायबल १९६९ साली आलं.

(समुद्रकाठी काँक्रीटचा जपानी बंकर. झुडपं वाढलेली. आत खेकडे.)

मधे युद्ध झालं. १९४२ मध्ये जपानी आले, गावकऱ्यांना वेठीला धरून धावपट्टी बांधून घेतली. हेरगिरीच्या संशयावरून १९४५ च्या जुलै-ऑगस्टमध्ये कितीतरी लोकांचा छळ झाला, कितीतरी मारले गेले. रिचर्डसनही धरले गेले, वाचले. पुढे या छळाबद्दल जपान्यांवर सिंगापूरला खटला चालला.

(लोकसभेचं जुनं छायाचित्र. मग हॉस्पिटलची पाटी.)

१९५० साली ते बिशप झाले. १९५२ ला पहिली लोकसभा बसली तेव्हा अंदमान-निकोबारचे खासदार म्हणून राष्ट्रपतींनी त्यांनाच नेमलं. पुढे पद्मश्री, पद्मभूषण. १९७८ साली वारले. बेटावरच्या मोठ्या दवाखान्याला सगळे बी.जे.आर. म्हणतात. बिशप जॉन रिचर्डसन. केसपेपर काढणाऱ्या पोरांना तीन अक्षरं माहीत असतात, ठीक आहे, आपल्याकडे जे.जे. म्हणताना तरी जमशेटजी कुणाला आठवतात?

(जुनी छायाचित्रं : खांबांवरची गोल झोपडी, मधमाश्यांच्या पोळ्यासारखं छप्पर, वर चढायला शिडी. मग आजची पत्र्याची घरं, रांगेत.)

ही घरं आता जवळजवळ नाहीत. मेनलुआना म्हणजे भगत-वैद्य, ते मागे पडले. डुकरांचे मोठे सण आटले. मृतांची हाडं पुन्हा काढून करायचे विधीही गेले, त्यात चर्चचा वाटा होताच. उरलं ते पाण्याने नेलं.

(२६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतरचा किनारा. शेंडे नसलेले माड. पायऱ्या, वर घर नाही. निवेदन नाही. लाटांचा आवाज तसाच ठेवावा.)

आदल्या दिवशी नाताळ होता.

गावं आत, जंगल तोडून वसवली गेली. मदतीचे चेक एकेका जोडप्याच्या नावाने आले, तुहेतच्या नावाने नाही, आणि त्याने जे व्हायचं ते झालं.

(दुपार. एल-पानम, किनाऱ्यावरची गावकीची जागा. होड्यांची शर्यत.)

होडी. हो, इथेही हिला होडीच म्हणतात, बाहेरच्यांशी बोलताना तरी. बाजूला तरंगणारं आडवं लाकूड, त्याने ती उलटत नाही. सकाळी चर्चमध्ये खालच्या पट्टीत गाणारे तेच हे पुरुष. वल्हं मारायचा ताल एकजण ओरडून देतो, बाकीचे उचलतात. चर्चमध्येही हेच चालू होतं, फक्त तिथे शर्ट घातलेले होते.

(होडी कॅमेऱ्यावर येते. पाणी लेन्सवर.)

कॅमेरा भिजला. पुढचे दोन तास काहीच चित्रित झालं नाही. त्यात एक आजोबा आमच्या शेजारी येऊन बसले, बायबल घेऊन. कव्हर गेलेलं, पानं पावसाने फुगलेली. चष्मा लावून त्यांनी एक पान वाचून दाखवलं आणि मग हिंदीत विचारलं, समजलं का? आम्ही नाही म्हणालो. ते खूश झाले.

(धक्का. जहाजाचा भोंगा. गिटारवाला पोरगा आता निरोप द्यायला आलाय.)

निघताना मावशींनी पानात बांधलेला तो पिवळा गोळा हातात दिला. घरी न्या म्हणाल्या, मुलांना द्या. टेन डिग्री चॅनल यायच्या आत संपला.