कल्हईचं पातेलं रिकामं तापवू नका

नमस्कार मंडळी. पितळेच्या भांड्यांच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न सारखा येतोय. "ताई, महिन्यापूर्वी केलेली कल्हई गेली कुठे?"

आधीचं भराभर सांगते. तांबं स्टेनलेस स्टीलच्या वीसपटीहून जास्त उष्णता वाहून नेतं, पितळ सातेक पट. म्हणून तळ सगळीकडे सारखा तापतो. पण आंबट पडलं की दोन्ही त्यात उतरतात आणि ताक, आमटी कळकते. मध्येच एक कमेंट घेते, "तांब्यातलं पाणी चालतं, मग ताक का नाही?" अहो, पाणी आंबट नसतं! कथील, म्हणजे टिन, आंबटाला सहजी दाद देत नाही, म्हणून आतून त्याचा थर, तीच कल्हई.

आता नीट ऐका. कथील वितळतं 232 अंशांना आणि तांबं 1085 ला. म्हणून तर कल्हईवाला भांडं तापवतो, नवसागर टाकून ते स्वच्छ करतो आणि कापसाच्या बोळ्याने कथील फिरवतो. भांड्याला काही होत नाही. पण तेच कथील तुमच्या गॅसवरही वितळतं! भांड्यात पाणी असेल तर तळ शंभराच्या फार वर जात नाही. रिकामं ठेवलंत, तर 232 गाठायला वेळ लागत नाही.

लग्नानंतर आजीने मला तिचं पातेलं दिलं. मी ते कोरडं करायला गॅसवर ठेवलं आणि फोन घ्यायला गेले. परत येते तो तळाशी चकचकीत थेंब जमलेले. फार वाईट वाटलं मला. तेव्हापासून ते फडक्यानेच पुसते.

फोडणीचंही तेच. तेलातून धूर निघाला म्हणजे आपण 232 च्या फार लांब नसतो. फोडणी लोखंडी पळीत करा आणि वरून ओता. तळण तर यात नकोच. आधी पाणी, डाळ, दूध जे असेल ते घाला, मग गॅस लावा. आधी घाला, मग लावा!

आणि तारेची घासणी कृपा करून नको, कथील मऊ असतं. चिंच, राख किंवा साबण आणि मऊ कापड पुरे.

आतून पिवळं दिसू लागलं की कल्हईवाल्याला हाक मारा. तो येईपर्यंत त्यात पोहे भरून ठेवा, आमटी नको.