मीरा मुखर्जी : मेणाच्या दोऱ्यांतून उभे राहिलेले कांस्यशिल्प

दिल्लीच्या आयटीसी मौर्य हॉटेलच्या आवारात सम्राट अशोकाचे एक भव्य कांस्यशिल्प उभे आहे. कलिंग जिंकलेला, पण त्या विजयानेच आतून खचलेला हा अशोक मीरा मुखर्जी यांनी 1972 साली घडवला. थोडे जवळ जाऊन पाहू या. राजाच्या अंगावर चकाकी नाही. तिथे बारीक दोरे, पट्ट्या आणि वळ्या एकमेकींना बिलगून धावताना दिसतात. या खुणा धातूवर नंतर कोरलेल्या नाहीत. त्या मुळात मेणाच्या होत्या. मेण वितळून वाहून गेले, तरी बोटांनी दिलेली त्याची वळणे धातूने जशीच्या तशी धरून ठेवली.

मीराताईंचा जन्म 1923 साली कोलकात्यात झाला. चित्रकार अवनींद्रनाथ टागोरांच्या परंपरेत त्यांचे प्रारंभीचे शिक्षण झाले, पुढे दिल्लीत आणि 1953 ते 1956 या काळात म्युनिकच्या कला अकादमीत त्या शिकल्या. युरोपातले आधुनिक शिल्प त्यांनी मन लावून आत्मसात केले. मात्र आपल्या माणसांविषयी बोलायचे तर हात कुठे वळवावा, हा प्रश्न घेऊनच त्या परतल्या.

त्याचे उत्तर त्यांना छत्तीसगडमधल्या बस्तरच्या ‘घडवा’ या धातू ओतणाऱ्या समाजातील कारागिरांच्या अंगणात सापडले. 1961 ते 1964 या काळात भारतीय मानववंशशास्त्रीय सर्वेक्षणासाठी देशातल्या धातुकारागिरांचा अभ्यास करताना त्या कारागिरांजवळ राहिल्या आणि त्यांच्याकडूनच काम शिकल्या. घडवा कारागीर आधी मातीचा गाभा घडवतो. मधाच्या पोळ्याचे मेण ऊब देऊन मऊ केले जाते, त्याचा सुतासारखा लांब दोरा काढला जातो आणि तो दोरा गाभ्याभोवती वेढा शेजारी वेढा असा बसवला जातो. त्यावर बारीक मातीचा हात फिरतो, मग जाड मातीचे लेप चढतात. भट्टीच्या आचेने मेण निघून जाते आणि त्याच्या रिकाम्या जागेत वितळलेला धातू शिरतो. संस्कृत ग्रंथांत याच पद्धतीला मधूच्छिष्टविधान म्हटले आहे. साचा फोडल्याशिवाय मूर्ती हाती येत नाही, म्हणून एका साच्यातून एकच मूर्ती.

एरवी शिल्पकार नमुना करून देतो आणि ओतकाम दुसरे कोणी करते. मीराताईंनी ही फारकत मानली नाही आणि माझ्या मते त्यांचे मोठेपण इथेच आहे. मेण, माती आणि भट्टी या तिन्हींशी त्यांचा स्वतःचा हात जोडलेला राहिला. विणकर, नावाडी आणि मजूर हे त्यांच्या शिल्पांचे विषयही त्याच श्रमाच्या जगातून आले. 1968 साली धातुकामातील कुशल कारागीर म्हणून त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. 1992 साली पद्मश्रीही मिळाली, पण ‘कारागीर’ म्हणून झालेला गौरव त्यांच्या कामाच्या अधिक जवळचा वाटतो.

1998 साली त्यांचे निधन झाले. बस्तरच्या अंगणात तळहातावर मावणाऱ्या मूर्तींसाठी वापरली जाणारी ही पद्धत त्यांनी अशोकाएवढ्या आकारापर्यंत नेली होती. एवढी आकृती एका ओतणीत साधत नाही, म्हणून ती तुकड्यातुकड्यांत ओतून नंतर जोडली गेली. मेणाचे ते दोरे राजाच्या देहावर आजही बोटाने चाचपता येतील इतके ठसठशीत आहेत.