ड्राइव्हच्या दोन बाजू, दोन वेगळे करंट

एक मोटर घेऊ. १५ किलोवॅट, ४०० व्होल्ट, ५० हर्ट्झ, नेमप्लेटवर २९ अँपिअर. ती ड्राइव्हवर, म्हणजे फ्रिक्वेन्सी आणि व्होल्टेज बदलून मोटरचा वेग ठरवणाऱ्या यंत्रावर, १० हर्ट्झला पूर्ण टॉर्क देत फिरते आहे. मोटरकडे जाणाऱ्या वायरीवर क्लॅम्प मीटर लावला की २९ अँपिअर दिसतात, ड्राइव्हच्या इनपुटला लावला की दहाच्या आत. इथे बहुतेकांना पहिली शंका मीटरची येते, दुसरी ड्राइव्हची. दोन्ही ठीक आहेत. या दोन आकड्यांची थेट तुलना करणंच चूक आहे.

आउटपुटचा करंट मोटरच्या टॉर्कचा आणि चुंबकीय क्षेत्राचा हिशोब सांगतो. इनपुटचा करंट पॉवरचा हिशोब सांगतो. आज जे काही बोलायचं आहे ते सगळं या एका फरकातून निघतं.

फळ्यावर आकडे मांडू. ५० हर्ट्झला मोटर १५ किलोवॅट देत असताना, कार्यक्षमता ९१ टक्के धरली तर मोटर साधारण १६.५ किलोवॅट घेते. १० हर्ट्झला टॉर्क तेवढाच, पण वेग पाचवा हिस्सा. म्हणून शाफ्टवर फक्त ३ किलोवॅट मिळतात. वाइंडिंगमधून २९ अँपिअर वाहतच आहेत, त्यामुळे तांब्याचं नुकसान (वाइंडिंग तापण्यात जाणारी पॉवर) जवळपास तसंच राहतं. ते आणि ड्राइव्हचं स्वतःचं नुकसान मिळवून इनपुटला साडेचार किलोवॅटच्या आसपास लागतात. ४०० व्होल्टला याचा मूळ ५० हर्ट्झचा करंट ७ अँपिअरच्या जवळ येतो. मीटरवर त्यापेक्षा थोडा जास्त दिसतो, तो हार्मोनिक्समुळे, म्हणजे ५० हर्ट्झच्या पटीतल्या जास्तीच्या करंटमुळे. मोटरला मिळणारं व्होल्टेज या वेळी ८०–९० व्होल्टच आहे. म्हणजे ड्राइव्ह जास्त व्होल्टेज आणि कमी करंट घेतो, कमी व्होल्टेज आणि जास्त करंट देतो.

नो-लोडला हा फरक आणखी ठळक होतो. हीच मोटर ५० हर्ट्झला मोकळी फिरवली तर आउटपुटला ११ अँपिअर दिसू शकतात आणि इनपुटला एक-दोन. ते ११ अँपिअर जवळपास सगळे मॅग्नेटायझिंगचे, म्हणजे मोटरचं चुंबकीय क्षेत्र उभं करणारे. हा करंट मोटरच्या तीन फेज, इन्व्हर्टरचे (डीसीचा पुन्हा एसी करणाऱ्या भागाचे) स्विच आणि डीसी बसचे (ड्राइव्हमधल्या डीसी टप्प्याचे) कपॅसिटर एवढ्यातच फिरत राहतो, सप्लायच्या लाइनपर्यंत पोचत नाही. ब्रेकिंगच्या वेळी तर आउटपुटला भरपूर करंट असतो आणि इनपुट शून्याजवळ. मोटरची ऊर्जा तेव्हा डीसी बसमध्ये येते आणि ब्रेक रेझिस्टरमध्ये जळते.

मग इनपुट नेहमीच कमी असतो का? तसंही नाही. पूर्ण वेग, पूर्ण लोड घ्या. ड्राइव्हची कार्यक्षमता ९७ टक्के धरली तर इनपुटला १७ किलोवॅट, आणि मूळ करंट सुमारे २५ अँपिअर. चोक, म्हणजे करंट गुळगुळीत करणारी कॉइल, नसलेल्या ड्राइव्हमध्ये करंटचं हार्मोनिक विरूपण ८० टक्के असू शकतं. तेव्हा खरा आरएमएस करंट, म्हणजे वायर किती तापेल ते ठरवणारा, ३२ अँपिअरच्या वर जातो, मोटरच्या २९ पेक्षा जास्त. लाइन रिअॅक्टर किंवा डीसी चोक बसवून विरूपण ३५ टक्क्यांवर आणलं की तोच करंट २७ च्या आसपास येतो. मोटरला काही फरक पडत नाही. फ्यूज, केबल आणि ट्रान्सफॉर्मरला पडतो. इनपुटची केबल आणि फ्यूज मोटरच्या नेमप्लेटवरून ठरवू नयेत, ड्राइव्हच्या माहितीपत्रकातल्या इनपुट करंटवरून ठरवावेत, ते याचसाठी.

आता मीटरकडे येऊ. इथेच सगळ्यात जास्त चुका होतात.

इनपुटला डायोड ब्रिज, म्हणजे एसीचा डीसी करणारा रेक्टिफायर आहे आणि त्यामागे कपॅसिटर. लाइनचं व्होल्टेज कपॅसिटरच्या व्होल्टेजच्या वर जातं तेवढ्यापुरताच करंट आत येतो. म्हणून तीन फेजच्या ड्राइव्हमध्ये प्रत्येक अर्ध्या सायकलला दोन उंच टेकड्या दिसतात आणि मधे, कडेला सपाट शून्य. साधा क्लॅम्प मीटर आतून सरासरी मोजतो आणि तिला १.११ ने गुणून आरएमएस म्हणून दाखवतो. तो १.११ फक्त शुद्ध साइन वेव्हसाठी खरा आहे. या टेकड्यांवर असा मीटर ३० ते ४० टक्के कमी दाखवू शकतो. ३२ अँपिअरच्या जागी २२ दिसले की केबल मोकळी वाटते, आणि प्रत्यक्षात ती तापत असते. इनपुटला ट्रू आरएमएस मीटरच लागतो, यात तडजोड नको. त्याचा क्रेस्ट फॅक्टरही पाहा, म्हणजे आरएमएसच्या किती पट शिखर तो नीट मोजतो ते. ३२ अँपिअर आरएमएसची शिखरं ८० अँपिअरपर्यंत जाऊ शकतात. रेंज अगदी काठावर असेल तर मीटर शिखर कापतो आणि रीडिंग पुन्हा कमी येतं. शंका आली तर एक रेंज वर घ्या आणि दोन्ही रीडिंग जुळतात का ते बघा. लोखंडी गाभ्याचा क्लॅम्प मात्र इनपुटला चालतो, कारण मूळ फ्रिक्वेन्सी ५० किंवा ६० हर्ट्झवर ठरलेली आहे.

इनपुटच्या तीन फेजमध्ये करंट असमान दिसला तर लगेच ड्राइव्हला दोष देऊ नका. आधी तिन्ही लाइन-टू-लाइन व्होल्टेज मोजा. रेक्टिफायर शिखरावरच करंट घेतो, त्यामुळे व्होल्टेजमधला एक-दोन टक्क्यांचा फरक करंटमध्ये कितीतरी पटींनी मोठा होऊन दिसतो. चोक नसेल आणि लोड हलका असेल तर जास्तच. एका फेजला पूर्ण शून्य असेल तर फ्यूज, कॉन्टॅक्टर आणि टर्मिनल तपासा. हलक्या लोडवर ड्राइव्ह दोन फेजवर ट्रिप (आपोआप बंद) न होता चालत राहू शकतो, आणि त्या काळात उरलेल्या फेज व कपॅसिटर जास्त ताण सोसतात.

आउटपुटला परिस्थिती उलटी असते. व्होल्टेज म्हणजे कॅरिअर फ्रिक्वेन्सीने, साधारण २ ते १६ किलोहर्ट्झने, तुकडे केलेले पल्स. करंट मात्र मोटरच्या इंडक्टन्समुळे बराचसा साइन वेव्हसारखा, वर बारीक रिपल असलेला. आकार बरा आहे म्हणून इथे कोणताही क्लॅम्प चालेल असं वाटतं. वेग कमी केला की ते फसतं. साध्या क्लॅम्पमधला सीटी, म्हणजे करंट ट्रान्सफॉर्मर, हा शेवटी ट्रान्सफॉर्मरच. तोच करंट आणि तेच बर्डन (सीटीला जोडलेला भार) असताना ५ हर्ट्झला गाभ्यातला फ्लक्स ५० हर्ट्झच्या दहापट होतो. गाभा सॅच्युरेट होतो आणि रीडिंग कोसळतं. पॅनेलच्या दारावरचा अॅमीटर साध्या सीटीने आउटपुटला जोडला असेल तर कमी वेगाला तो निरर्थक आकडा दाखवतो. ऑपरेटरला करंट दिसायलाच हवा असेल तर ड्राइव्हच्या ४–२० मिलिअँपिअर अॅनालॉग आउटपुटवर मीटर लावणं कितीतरी चांगलं. ड्राइव्हच्या आत आउटपुटला हॉल सेन्सर (चुंबकीय क्षेत्रावरून करंट मोजणारे) किंवा शंट (मोजणीसाठीचे छोटे रेझिस्टर) असतातच, आणि ते कमी वेगालाही काम करतात. त्याच्या डिस्प्लेवर साधारण जो करंट दिसतो तो आउटपुटचा. इनपुटचा दाखवला तर बहुधा हिशोबाने काढलेला असतो.

हातातल्या मीटरसाठी आउटपुटला हॉल सेन्सरचा, एसी-डीसी दोन्ही मोजणारा क्लॅम्प घ्या. तो शून्य हर्ट्झपासून मोजतो. त्याला शून्य करावं लागतं, आणि तेही मोजायच्या जागेजवळ, जबडा त्याच दिशेला धरून, वायर न घेता, कारण आजूबाजूचं चुंबकीय क्षेत्र आणि गाभ्यातलं उरलेलं चुंबकत्व दोन्ही रीडिंगमध्ये मिसळतात. रोगोव्स्की कॉइल, म्हणजे लोखंडी गाभा नसलेली लवचिक कॉइल, अरुंद जागेत आणि मोठ्या करंटला उत्तम, सॅच्युरेट होत नाही. पण फार कमी फ्रिक्वेन्सीला तिच्यावर विसंबू नये, तिची खालची मर्यादा माहितीपत्रकात पाहून घ्या. मीटरला लो-पास फिल्टर असेल तर आउटपुटला तो चालू ठेवा. रीडिंग स्थिर होतं आणि हर्ट्झच्या जागी कॅरिअर फ्रिक्वेन्सी दिसण्याचा घोटाळा टळतो. इनपुटला मात्र तो बंद. तिथे हार्मोनिक्स मोजायचेच आहेत.

प्रत्यक्ष मोजताना वायर जबड्याच्या मधोमध आणि काटकोनात असू द्या, शेजारच्या फेज शक्य तेवढ्या दूर. करंट लहान असेल तर वायरीचे तीन-चार वेढे घेऊन आकडा वेढ्यांनी भागा, पण हे वेढे ड्राइव्ह बंद असताना घ्या. शिल्डेड केबलवर बाहेरून क्लॅम्प लावला तर मोटरचा करंट दिसत नाही. तिन्ही फेज एकमेकांना रद्द करतात आणि उरलेला कॉमन मोड करंट (तिन्ही फेजमध्ये एकाच दिशेने जाणारा) तेवढा दिसतो. फेजचा करंट हवा तर शिल्ड जिथे सोलली आहे तिथे एकच वायर घ्या. केबल लांब आणि मोटर छोटी असेल, म्हणजे १०० मीटर केबलवर एक किलोवॅटची मोटर, तर ड्राइव्हजवळचा आकडा मोटरजवळच्या आकड्यापेक्षा स्पष्ट जास्त येतो. प्रत्येक पल्सला केबलची कपॅसिटन्स चार्ज होते, तो करंट ड्राइव्ह देतो पण मोटरला पोचत नाही. कॅरिअर फ्रिक्वेन्सी कमी केली की हा फरक घटतो, ही त्याची सोपी पडताळणी.

सुरक्षिततेचं बोलल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. ४०० व्होल्टच्या ड्राइव्हमध्ये डीसी बस ५४० व्होल्टच्या आसपास असते आणि लांब केबलवर मोटरच्या टर्मिनलला पल्सची शिखरं जवळपास दुप्पट होऊ शकतात. मीटर किमान कॅट ३ या सुरक्षा वर्गाचा, १००० व्होल्टचा असावा. चालू पॅनेल उघडताना हातमोजे आणि फेस शील्ड हवेच. वायर सोडवायची असेल तर सप्लाय तोडा, कुलूप लावा, ड्राइव्हवरच्या लेबलमधला वेळ पूर्ण थांबा, आणि मग डीसी बसच्या टर्मिनलवर मीटर लावून व्होल्टेज उतरल्याची खात्री करा. डिस्प्ले विझला म्हणजे कपॅसिटर रिकामा झाला असं समजू नका.

शेवटी एक निदान, कारण आउटपुटचे तीन आकडे घेऊन बहुतेक जण इथेच अडकतात. निम्म्याहून जास्त लोडवर तिन्ही फेजमध्ये काही टक्क्यांचाच फरक असावा. एक फेज वेगळा पडला तर दोष ड्राइव्हचा की मोटरचा? वरची पूर्ण काळजी घेऊन मोटरच्या वायरी ड्राइव्हच्या यू, व्ही, डब्ल्यू या आउटपुट टर्मिनलांवर एक-एक घर पुढे सरकवा: यू ची वायर व्ही ला, व्ही ची डब्ल्यू ला, डब्ल्यू ची यू ला. तिन्ही एकदम सरकल्यामुळे मोटरची दिशा बदलत नाही. पुन्हा त्याच वेगाला, त्याच लोडवर मोजा. वेगळा आकडा वायरीबरोबर सरकला तर दोष केबलमध्ये किंवा वाइंडिंगमध्ये. मग केबल ड्राइव्हमधून सोडवूनच मेगर (इन्सुलेशन तपासायचा मीटर) लावा. आकडा ड्राइव्हच्या त्याच टर्मिनलला राहिला तर इन्व्हर्टरचा तो फेज किंवा त्याचा करंट सेन्सर तपासा. मीटर आणि डिस्प्ले यांच्यात त्याच फेजला तफावत असेल तर संशय सेन्सरवर जातो. एन्कोडर (रोटरचा कोन सांगणारा सेन्सर) असलेल्या पर्मनंट मॅग्नेट मोटरवर मात्र हा प्रयोग करू नका. तिथे वायरी सरकवल्या की रोटरच्या कोनाचा हिशोब १२० अंशांनी चुकतो, आणि मोटर धक्का देऊन भलतीकडेच फिरू शकते.