कोंबड्यांना जंताचं औषध : एक झाकण म्हणजे नक्की किती?

नमस्कार मंडळी! मागून आवाज येतोय ना, तो आमचा कोंबडा, कॅमेरा चालू केला की याला बांग सुचते, सांभाळून घ्या.

तर झालं काय, परवा शेजारच्या काकू बाटली घेऊन आल्या, म्हणाल्या अगं गाईचं जंताचं औषध उरलंय, पिल्लांच्या शिटेत रक्त दिसतंय, पाण्यात एक झाकण टाकू का? म्हटलं काकू थांबा, आधी या झाकणाचा हिशोब करू.

बाटली अल्बेंडाझोलची, वर लिहिलंय २.५ टक्के. म्हणजे एका एमएलमध्ये २५ मिलिग्रॅम औषध. आता समजा डॉक्टरांनी किलोला १० मिलिग्रॅम सांगितलं, हे फक्त हिशोबासाठी धरतेय हं, लगेच लिहून घेऊ नका. आपली गावरान कोंबडी १.४ किलोची धरा. १४ मिलिग्रॅम लागलं, म्हणजे अर्ध्या एमएलच्या जरासंच वर! झाकणात ५ एमएल मावतं, म्हणजे एका कोंबडीच्या पोटात गेलं तर नऊपट. आणि तीच बाटली १० टक्केवाली असती तर पस्तीस-छत्तीसपट. पिल्लाचं तर बोलूच नका, ते असतं किती ग्रॅमचं? बरं उलट बाजूनं बघा, तेच झाकण वीस लिटरच्या बादलीत टाकलं तर कुणाला काहीच मिळत नाही, जंत मरत नाहीत आणि हळूहळू त्या औषधाला दाद देईनासे होतात. म्हणून आधी वजन. पिशवीत कोंबडी घाला, ताणकाट्याला लटकवा, ती थोडी ओरडेल, ओरडू दे.

आणि काकूंच्या पिल्लांना जंत नव्हतेच! ताजी शिट डबीत घालून जनावरांच्या दवाखान्यात नेली, तिथे मायक्रोस्कोपखाली कॉक्सिडिया दिसले, म्हणजे आतड्यातले अगदी बारीक परजीवी, त्यांच्यामुळे होते ती आपली रक्ती हगवण. त्याचं औषध वेगळं, जंताच्या औषधानं ती जात नाही. साधारण तीन ते सहा आठवड्यांच्या पिल्लांत रक्त दिसलं की आधी तिकडे शंका घ्यायची, आणि पटकन, कारण पिल्लं भराभर जातात. शिट नेताना चार-पाच ठिकाणची ताजी उचला, उन्हात ठेवू नका, त्याच दिवशी पोचवा.

आता खरे जंत. आपल्या परसातल्या कोंबड्यांत जास्त दिसतो तो गोल जंत, शेवयांसारखा पांढरा, पाच ते बारा सेंटीमीटर, लहान आतड्यात राहतो. दुसरे पट्टीसारखे चपटे जंत, त्यांचे तुकडे शिटेत तांदळाच्या कणीसारखे दिसतात. कोंबडीनं मुंग्या, शेणकिडे, गोगलगायी खाल्ल्या की हे तिच्या पोटात येतात, म्हणजे मोकळ्या सोडलेल्या कोंबडीला ते होणारच. यावरून औषध ठरतं बघा. पाइपरझिन फक्त मोठ्या गोल जंतावर चालतं, आतड्याच्या अस्तरात शिरलेली जंताची पिल्लं तशीच राहतात, म्हणून काही आठवड्यांनी परत द्यावं लागतं. लेव्हामिसोल गोल जंतांच्या बऱ्याच जातींवर चालतं, पण त्यात जादा डोस झाला तर महागात पडतं. चपट्या जंताला ही दोन्ही औषधं उपयोगाची नाहीत, तिथे प्राझिक्वांटेल किंवा निक्लोसामाइड लागतं. फेनबेंडाझोल चांगलं आहे, पण कोंबडी पिसं टाकत असताना दिलं तर नवीन पिसं वेडीवाकडी येऊ शकतात. आणि घरात कबुतरं असतील तर अल्बेंडाझोल, फेनबेंडाझोल आपल्या मनानं अजिबात देऊ नका, त्यांना ही औषधं पटकन बाधतात.

वावडिंग, लसूण, कडुलिंब? आमची आजी द्यायची, मीही कधीकधी लसूण घालते, पण भरलेले जंत यानं पडतात यावर माझा भरवसा नाही.

देताना कसं द्यायचं, तर पाण्यात विरघळणारं असेल तर तास-दोन तास पाणी काढून घ्या, कडक उन्हाळ्यात हे नको, मग सकाळी तीन-चार तासांत संपेल एवढ्याच पाण्यात औषध घाला, एक कोंबडी दिवसाला साधारण पाव लिटर पिते त्यावरून अंदाज येतो. अल्बेंडाझोल पाण्यात तळाला बसतं, ते सुई काढलेल्या सिरिंजनं चोचीच्या कडेनं, थेंब थेंब. घशात पिचकारी मारायची नाही, जिभेच्या मुळाशीच श्वासाचं भोक असतं, तिकडे गेलं की कोंबडी हातातच जाते. बाटली आधी हलवा, नाहीतर वरचं नुसतं पाणी आणि खालचा सगळा मारा शेवटच्या कोंबडीला. लसीकरण असेल तर साधारण आठवडाभर आधी जंताचं उरकून घ्या.

अंड्यांचं काय? बाटलीवर किती दिवस अंडी खायची नाहीत ते बघा, आणि अंड्यांबद्दल काही लिहिलंच नसेल तर डॉक्टरांना विचारा. तोवरची अंडी विकायची नाहीत, शेजारी द्यायचीही नाहीत, उकडलं म्हणून औषध उडून जात नाही.

बरं, हे सगळं करून खुराड्यात तीच ओली घाण ठेवली तर पैसे पाण्यात. गोल जंताचं अंडं शिटेतून पडल्यावर लगेच बाधत नाही, त्याला साधारण दहा-बारा दिवस ऊब आणि ओल लागते, मग ते दुसऱ्या कोंबडीच्या पोटात गेलं की पाच ते आठ आठवड्यांत तिच्या शिटेतून नवी अंडी. म्हणजे आठवड्याला खुराडं खरवडलंत, ओलं तूस बदललंत, तर अंड्याला तयार व्हायला वेळच मिळत नाही. पावसाळ्यात मी चार दिवसांनी काढते. पिल्लं आणि जुन्या कोंबड्या एका जागी नको, तीन महिन्यांखालच्यांना जंत जास्त त्रास देतात.

हां, एक राहिलंच. क्वचित कधीतरी अंडं फोडल्यावर आत जंत निघतो, किळस येते, माणसाला हा जंत होत नाही पण अंडं टाकूनच द्या. तो आतड्यातून खाली येऊन अंड्याच्या वाटेला लागलेला असतो, म्हणजे त्या कळपाची शिट दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात गेली पाहिजे. चला, भेटू पुढच्या व्हिडिओत, याला दाणे टाकते आता.